बोलायची खोली

३ जून

पोचले एकदाची. बस चुकेल, बॅगेची चेन तुटेल आणि निघताना वहिनी रडेल, अशा तीन भीती घेऊन घरातून निघाले होते. तिन्ही फुकट गेल्या. वहिनी रडली तर नाहीच, वर म्हणाली, जा वन्सं, आता तुमच्या शिट्टीने दुसऱ्यांचे कान किटू देत. वीसेक वर्षं शाळेत खेळ शिकवला, शाळा बंद पडली, आणि त्यानंतरचे सहा महिने मी घरातल्या माणसांना कवायत शिकवत होते, असं तिचं म्हणणं. खोटं नाही ते.

आता मी रेक्टर. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा मोठा क्लास आहे, त्याचं हे मुलींचं वसतिगृह. चार मजले, पिवळा ताजा रंग, मध्ये अंगण आणि अंगणापलीकडे क्लासची इमारत. माझी खोली तळमजल्यावर, मुख्य दाराला लागून. गादी नवी, नळाला पाणी जोरात. खिडकीबाहेर एक झाड आहे, नाव माहीत नाही, पण सावली मन लावून देतं.

संचालकांना इथे सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. ते स्वतः इमारत दाखवायला आले. मऊ बोलणं, पांढरा शर्ट, हातात सतत फोन. मुलींच्या खोल्यांना आतून कड्या नाहीत. खिडक्या चार बोटांच्या वर उघडत नाहीत. गच्चीला दोन कुलपं. मी विचारायच्या आधीच सर म्हणाले, आईबापांनी पोटचे गोळे आपल्या हवाली केलेत, काळजी घ्यावी लागते. मला पटलं. बेजबाबदार माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एका दारावर पाटी दिसली: समुपदेशन कक्ष. खाली हिरव्या अक्षरांत, मनातलं बोला, आम्ही ऐकतो. मुली तिला ‘बोलायची खोली’ म्हणतात. आमच्या शाळेत मुलांना रडू आलं तर पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडायची सोय होती, तेवढीच. म्हटलं, बाई, जग बरंच पुढे गेलं.

९ जून

मुली आल्या. शंभरावर आहेत, सगळ्या सोळा ते एकोणीसच्या. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ: बादल्या, चार्जर, आयांचे फोन. माझं नाव पडलं, ‘शिट्टी मॅडम’. पडणारच होतं.

त्यांचीही आपसांत नावं आहेत. एक सगळीकडे उशी घेऊन फिरते, क्लासलासुद्धा, ती ‘उशी’. एकीची ही दुसरी खेप, गेल्या वर्षी थोडक्यात हुकलं. कुठल्याही गोष्टीवर मुद्देसूद भांडते म्हणून ती ‘वकीलसाहेब’. आणि एक अगदी लहानखुरी, सोळा नुकतीच पूर्ण, जेवताना गुणगुणणारी, एका दमात चार प्रश्न विचारणारी. तिला सगळ्या ‘चिमणी’ म्हणतात. काल तिने मला विचारलं, मॅडम, तुम्ही धावताना हरलात की रात्री झोप लागायची का? मी म्हटलं, मेल्यासारखी लागायची. ती म्हणाली, मग तुमचं बरं होतं.

हसत म्हणाली म्हणून मीही हसले.

१६ जून

दर शनिवारी परीक्षा आणि सोमवारी निकाल. निकाल फळ्यावर लागतो, क्रमाने, नावानिशी. वर असलेल्या पहिल्या तुकडीत, खालच्या चौथ्या तुकडीत. पहिल्या तुकडीला चांगले शिक्षक आणि गार वर्ग. चौथीला जिन्याखालचा हॉल. दर सोमवारी मुली आपली दप्तरं उचलून इकडून तिकडे जातात. कोणी एक शब्द बोलत नाही. खेळात हरलेलं पोर निदान ओरडतं, चेंडूला लाथ मारतं. इथे नुसत्या चपलांचा आवाज.

म्हटलं, समुपदेशनाच्या बाई कोणत्या दिवशी येतात ते विचारावं आणि दोन-तीन मुलींना पाठवावं. ऑफिसात कारकून बसतो, त्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, कोण बाई? ती जागा कधी भरलीच नाही. पाटी लागते, मॅडम. पालक चौकशी करतात, तपासणीला माणसं येतात, पाटी दाखवावी लागते.

तशीच सरांकडे गेले. सर म्हणाले, जाहिरात दिली आहे, योग्य माणूस मिळत नाही. तोवर ज्या मुलींना जड वाटतंय त्यांना किल्ली देऊन थोडा वेळ तिथे बसू द्या. निम्म्या नुसत्या बसूनच बऱ्या होतात.

डॉक्टर व्हायला आलेल्या शंभर मुली, आणि त्यांना बघायला एक डॉक्टर नाही. हे मी त्यांना तोंडावर म्हटलं. सरांनी हसून चहा मागवला. मी घेतला नाही.

२४ जून

चिमणी पहिल्या तुकडीतून दोन आठवड्यांत चौथीत गेली. गुणगुणणं बंद. ताटातलं जेवण इकडून तिकडे ढकलते आणि उठते. अंगणात उभी असली की हाक मारावी लागते, तीही दोनदा. काल तिच्या दंडाला हात लावला तर म्हणाली, मॅडम, मला आतून काही ऐकूच येत नाहीये. म्हणजे काय, विचारलं, तर तिला सांगता येईना.

तिच्या वडिलांना फोन केला. ते म्हणाले, आमच्या घराण्यात असलं काही नाही. अभ्यासातून अंग काढायचंय तिला, तुम्ही त्याला दुखण्याचं नाव देऊ नका. मी म्हटलं, तुम्ही येऊन एकदा तोंड तरी बघा तिचं. फोन ठेवला त्यांनी.

मग आज मीच तिला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात गेले. खिडकीवरची नर्स चांगली होती, उगाच खोटं कशाला लिहू. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण चिमणीशी मायेने बोलली. म्हणाली, मनाचे डॉक्टर मंगळवारी येतात, एकटेच आहेत, नव्या पेशंटला ऑक्टोबरमधली तारीख मिळेल. आणि मुलगी अठराच्या आत, तेव्हा आई किंवा वडील सोबत हवेत. मी विचारलं, आणि तोवर? तिने माझ्यामागची रांग बघितली. मग हळूच म्हणाली, तिने स्वतःला काही केलं तर मात्र लगेच आणा, तेव्हा लगेच बघतात.

 चिमणीने ऐकलं होतं ते.

तिथून दोन खाजगी डॉक्टरांकडे गेलो. एक डॉक्टर अठराच्या आतले पेशंट घेत नाहीत. दुसऱ्यांकडच्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि कळवतो म्हणाल्या. परत आल्यावर मदतीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, मग संगीत. संगीत संपलं, पुन्हा महत्त्वाचा आहे, पुन्हा संगीत. फोन भिंतीवर आपटावा असं वाटलं. चिमणी म्हणाली, जाऊ दे मॅडम, गाणं बरं आहे.

३० जून

चिमणी आज जेवली. पूर्ण ताट. मला पाहून हसलीसुद्धा. विचारलं तर म्हणाली, बोलायच्या खोलीतल्या ताईंशी बोलले, खूप बरं वाटतंय, रात्री झोपही लागली.

मला इतका आनंद झाला की जिना चढून ऑफिसात जाईपर्यंत सरांना मी मनातल्या मनात दोनदा माफ केलं. म्हणजे नेमलं कोणालातरी. कारकुनाला म्हटलं, आधी सांगायचंत तरी, बाईंना चहा दिला असता.

त्याने रजिस्टर मिटलं. कोणालाही नेमलेलं नाही म्हणाला.

३ जुलै

शहानिशा केली. दुपारी मुली जेवून जरा आडव्या होतात, त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर गेले. पायात कॅनव्हासचे बूट, आवाज होत नाही.

दाराबाहेरून चिमणीचा आवाज येत होता. घरचं काहीतरी सांगत होती, धाकट्या भावाबद्दल. मध्येच थांबायची, समोरचं माणूस बोलायला लागलं की आपण थांबतो तशी, आणि मग हं म्हणायची. समोरच्या माणसाचा आवाज मला ऐकू आला नाही.

दार उघडलं. चिमणी एकटी होती. दोन खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर कागदी रुमालांचा खोका आणि प्लास्टिकची फुलं. सगळ्यावर बोटभर धूळ. समोरच्या खुर्चीवर मात्र नव्हती. खिडकी रंगाने चिकटून बसलेली, दार एकच, ज्यात मी उभी होते.

चिमणी म्हणाली, ताई आत्ताच उठल्या. तुम्हाला धक्का लागला असेल ना त्यांचा?

नव्हता लागला. पण उजवा खांदा अजून गार आहे. उन्हात बसले तरी जात नाही.

४ जुलै

वकीलसाहेबांना अंगणात गाठलं. म्हटलं, मला माहीत नसलेलं तुम्हा मुलींना काय माहीत आहे ते सरळ सांग. ती मुद्देसूद सांगणारी, पण आज आडवळणं घेत होती.

दोन वर्षांपूर्वी इथे एक मुलगी होती. अभ्यासात बरी, स्वभावाने शांत. ती खचत गेली आणि तिने पाटी वाचली. रोज दुपारी जाऊन त्या बंद दाराबाहेर जमिनीवर बसायची. बाई कधी येतील, विचारायची. आधीच्या रेक्टर सांगायच्या, येतील हं. शिक्षक जाता-येता तिच्या पायांवरून ओलांडून जायचे. ती महिनोन् महिने बसली. मग धो धो पावसाच्या एका दिवशी ती तिथे नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी गच्चीला दोन कुलपं लागली.

म्हणजे तिच्यासाठी त्यांनी केलं ते एवढंच. कुलपं आणली.

आता दाराच्या आत कोणीतरी बसलेलं असतं, हे मुलींना गेल्या वर्षापासून माहीत आहे. इथल्याच निळ्या टीशर्टमध्ये, ओले केस, मान किंचित कललेली. किल्ली लागत नाही, दुपारी दार आपोआप उघडं असतं. ती क्रमांक विचारत नाही, उपदेश करत नाही. सगळं ऐकून घेते. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? वकीलसाहेब म्हणाली, मॅडम, दुसरं कोण विचारतंय आम्हाला?



तू गेलीस का कधी, असं विचारलं. एकदाच, म्हणाली. उठताना ती ताई म्हणाली, माझ्याकडे झोपायला जागा आहे. मला ते आवडलं नाही, म्हणून पुन्हा गेले नाही.

८ जुलै

सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. वेडी ठरेन, नोकरी जाईल, याची तयारी ठेवून गेले होते.

सरांना माहीत होतं. नवल वाटलं नाही, अंगावर काटा आला नाही, काही नाही. फोन उलटा ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, मॅडम, मुलींना बरं वाटतंय ना? जेवतायत, झोपतायत, क्लासला बसतायत. मग तिथे कोण बसलंय याची चौकशी कशाला?

मी म्हटलं, ती तुमच्याच दारात मेलेली मुलगी आहे. ते म्हणाले, दारात नाही. शब्द जपून वापरा.

माझा आवाज चढला. म्हटलं, एक माणूस नेमा. जिवंत. आठवड्यातून एकदा येणारा चालेल, शिकाऊ चालेल. दर सोमवारचा तो निकाल फळ्यावरून काढा. ते म्हणाले, तुम्ही भावनिक होताय. आणि माझ्यासमोरच कारकुनाला बोलावून सांगितलं, नव्या माहितीपत्रकात लिहा, समुपदेशन रोज उपलब्ध.

खाली येऊन नळाखाली डोकं धरलं. राग उतरत नाही. भुताची भीती वाटावी तर वाटते आहे ती या माणसाची.

११ जुलै

उशी सकाळी उठली नाही. आधी वाटलं जागरण झालं असेल. हलवलं, पाणी मारलं, शिट्टी फुंकली. श्वास चालू, नाडी चालू, ओठांवर हसू. डोळे उघडेनात.

अँब्युलन्समधून त्याच सरकारी दवाखान्यात. आणि बघा, आज खाट मिळाली. मनाचे डॉक्टर, मेंदूचे डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, सगळे तासाभरात तिच्या खाटेभोवती. ज्या पोरीला जागेपणी कोणी ऑक्टोबरच्या आत बघितलं नसतं, ती झोपल्यावर चौघेजण तिच्या डोळ्यांत बॅटरी मारत होते. मी खूप बोलले तिथे. त्या नर्सने मला हाताला धरून बाहेर नेलं, आणि बाहेर आल्यावर तीच रडायला लागली.

कारण सापडत नाही म्हणतात. सरांनी उशीच्या आईवडिलांना सांगितलं, थकवा आहे.

ती बोलायच्या खोलीत रोज जायची. आज वकीलसाहेबांनी सांगितलं.

१३ जुलै

खोलीला माझ्या पैशाने मोठं कुलूप लावलं. दुपारी बघितलं तर जमिनीवर पडलेलं, उघडं. पुन्हा लावलं. मग सरांनी माणूस पाठवून कुलूप नेलंच. मुलींची सोय बंद करायचा अधिकार तुम्हाला नाही, असा निरोप.

सगळ्या मुलींना अंगणात गोळा करून स्पष्ट सांगितलं, तिथे जाऊ नका, मला येऊन सांगा, मी ऐकते. मान हलवली सगळ्यांनी. पण मला सकाळी दूध, दुपारी जेवण, संध्याकाळी हजेरी, शंभर पोरी. आज सात जणी आल्या आणि तिघींचंच ऐकून झालं. चौथी दारात उभी होती तेवढ्यात पाण्याची मोटर जळाली म्हणून मला बोलावलं. परत आले तर ती नव्हती.

वर गेली होती.

आता तिसऱ्या मजल्यावर दुपारी रांग असते. मुली भिंतीला टेकून जमिनीवर बसतात, गुडघे छातीशी. एकीचाही आवाज नाही. भौतिकशास्त्राचे शिक्षक त्यांच्या पायांवरून ओलांडून गेले. मी पाहिलं.

१४ जुलै

आज आणखी दोघी उठल्या नाहीत.

चिमणी उभ्या उभ्या झोपते. तिला माझ्या खोलीत आणून ठेवलं आहे, माझ्या खाटेवर. दार लावून चावी गळ्यात. ती भांडत नाही, फक्त विचारते, मॅडम, जाऊ ना? तिथे कोणी घाई करत नाही.

वडिलांना सोडून आईला फोन लावला. आधी त्यांच्या शेजारणीचा नंबर मिळवला, तिच्याकडून आईचा. आईने सगळं ऐकलं.  मग म्हणाली, मी निघते. यांना सांगत नाही. परवा सकाळी पोचते.

परवापर्यंत जागी ठेवायची. अंगणात चालवते, गोष्टी सांगते, पाढे म्हणायला लावते.

१५ जुलै

विचार केला. बाईंची खुर्ची रिकामी आहे म्हणून ती मेलेली मुलगी तिथे बसते. एवढं सोपं आहे. बाई असती तर ती आत आलीच नसती, बाई असती तर ती मेलीच नसती.

मग मी बसते.

वकीलसाहेब चिमणीपाशी थांबायला तयार झाली. दुपारी वर गेले. रांगेतल्या मुलींनी वाट दिली. आत कोणी नव्हतं. समोरच्या खुर्चीत बसले. पाठ बर्फासारखी झाली, तरी उठले नाही. एकेक मुलगी आली. ऐकलं. मला काय येतं? मी कवायत शिकवणारी बाई. पण ऐकलं. एकीचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, तुम्ही त्या ताई नाही. मी म्हटलं, नाही गं, पण मी उद्याही आहे.

कोपऱ्यात ती उभी होती. सगळा वेळ. केसांतून पाणी ठिबकत होतं, जमीन ओली होत नव्हती.

तिचा चेहरा वाईट नव्हता. आपली पाळी कधी येते, असा होता.

१६ जुलै, सकाळ

चिमणीची आई आली. प्रवासाने चुरगळलेली साधी बाई. खोलीत शिरली आणि काही न विचारता पोरीला कुशीत घेतलं. चिमणी आधी लाकडासारखी, मग रडली. मोठ्याने, नाक गळेपर्यंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मीही रडले.

आई म्हणाली, माझ्या भावाच्या गावी मनाची एक डॉक्टरीण आहे, तिच्या दारात जाऊन बसते. घेईपर्यंत हलत नाही.

सर आडवे आले, सह्या लागतील म्हणाले. मी मध्ये उभी राहिले. गेल्या त्या. बस सुटेपर्यंत उभी होते.

एक तरी सुटली.

१६ जुलै, दुपार

वर बसले आहे. वही सोबत आणली. मुलींना आज हॉलमध्ये पाठवलं, वकीलसाहेब त्यांना सांभाळते आहे. आज एकीचंच ऐकायचं आहे.

ती कोपऱ्यातून आली आणि समोर बसली. मी विचारलं, सांग गं, तुला काय सांगायचं होतं?

तिने सांगितलं. सगळं. मी लिहून घेणार नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहिते, तिने सगळ्यांना सांगून पाहिलं होतं. आईला फोनवर, शिक्षकांना, रेक्टरांना. दवाखान्यात एकटी गेली होती. तारीख मिळाली होती तिला. ती गेली त्याच्या पुढच्या महिन्यातली.

मी ऐकत राहिले. ऊन सरकलं. ती बोलायची थांबली. केस कोरडे दिसत होते. म्हणाली, मुलींना मी झोपवत होते. मला वाटलं, झोपल्या तर दुखणार नाही. मी म्हटलं, त्यांना सोड. तिने मान हलवली. सोडते म्हणाली.

मग उठली आणि दार उघडून गेली. दोन वर्षांनी गेली.

मी उठायला गेले—

उठता येत नाही.

१७ जुलै? 

उजेड आहे. दुपार असावी. पाय आहेत, दिसतात, पण माझं ऐकत नाहीत. ओरडले. घसा दुखतो, आवाज मला येतो—

अंगणातून मुलींचा आवाज आला. उशी जागी झाली म्हणे. बाकीच्या दोघीही. कोणीतरी रडतंय, कोणीतरी हसतंय. बरं झालं. बरं—

वकीलसाहेब माझं नाव घेत दार उघडून आली. सगळीकडे बघितलं. टेबलाखालीसुद्धा. मी तिच्या हाताच्या अंतरावर होते. शिट्टी मॅडम, म्हणाली. मी आहे म्हटलं. आहे, आहे, आहे—

गेली.

नंतर

सर आले. सोबत नवे पालक, एक आई, एक वडील. सर सांगत होते, रेक्टर न सांगता निघून गेल्या, हल्ली माणसं टिकत नाहीत. मग म्हणाले, हा आमचा समुपदेशन कक्ष. रोज उपलब्ध.

मी ओरडले. खोटं बोलतोय हा. नेऊ नका पोरीला— ठेवू नका इथे— टेबलावर मुठी मारल्या. धूळ हललीसुद्धा नाही.

ती आई म्हणाली, इथे गार का वाटतं? सर म्हणाले, इमारत हवेशीर आहे.

सरळ माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्या तोंडाकडे—

आज

राग आहे म्हणून मी आहे. तो गेला की मीही— म्हणून लिहिते. हात अजून चालतो. एक बाई नेमा. एक. फक्त एक—

बाहेर कोणीतरी आहे. भिंतीला टेकून बसली आहे, श्वास ऐकू येतो. लहान आहे. नवी. रडून दमलेली.

दार ढकललं तिने. ती बघते आहे. मला. तिला मी दिसते.

मॅडम नाही म्हणाली. ताई म्हणाली. ताई, आत येऊ का?

नको म्हटलं तर तिथेच बसून राहील. किती दिवस, कोण जाणे, सगळे ओलांडून जातील. ये म्हटलं तर माझ्या हातून काय होईल मला माहीत— ती वाट बघते आहे. दारात उभी. मी काय सांगू हिला, कोणाकडे पाठवू, कोण आहे—

ती पुन्हा विचारते आहे. मी म्हणते,